सैनिकी वैमानिकाच्या तासाचे मोल

पुण्याचे लोहगाव आणि गोव्याचे दाबोळी या दोन विमानतळांवर एक दृश्य नित्याचे आहे. ज्या धावपट्टीवरून सैन्यदलाचे विमान झेपावते, त्याच धावपट्टीवरून काही मिनिटांनी प्रवासी विमान उडते. लोहगावचे हवाई वाहतूक नियंत्रण हवाई दलाकडे, तर दाबोळीचे नौदलाकडे. धावपट्टी एक, आकाश एक, वारा-पाऊसही एकच. परंतु या दोन विमानांच्या वैमानिकांच्या नोंदवहीतील तासांचे मोल मात्र आपोआप एक होत नाही. गणवेश उतरवून नागरी सेवेत येऊ इच्छिणाऱ्या अधिकाऱ्याला हा प्रश्न पहिल्याच पायरीवर भेडसावतो.

प्रश्न वरकरणी तांत्रिक आहे, म्हणून तो समजून घेतला पाहिजे. आपल्या देशात व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे, तर विमान कंपनीत कप्तान होण्यासाठी आवश्यक असलेल्या परवान्यासाठी १५०० तासांचे उड्डाण लागते. या १५०० तासांत रात्रीचे १०० आणि केवळ उपकरणांच्या आधारे केलेले १०० तास असावे लागतात. शिवाय एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी केलेल्या उड्डाणांचा वेगळा हिशेब असतो. नागरी क्षेत्रात तास मोजला जातो तो विमान उड्डाणासाठी जागचे हलल्यापासून ते पुन्हा स्थिर होईपर्यंत. अनेक देशांच्या सैन्यदलांत मात्र उड्डाणापासून उतरण्यापर्यंतचाच काळ नोंदवला जातो. हा फरक एका फेरीमागे बारा मिनिटांचा धरला, तरी हजार फेऱ्यांत तो २०० तासांचा होतो. म्हणजे व्यावसायिक परवान्यासाठी लागणारे सगळे तास केवळ मोजणीच्या रीतीत गडप होऊ शकतात!

लढाऊ वैमानिकाची अडचण आणखी वेगळी. त्याची फेरी बहुधा तासाभराची. ज्या तळावरून तो उडतो त्याच तळावर परततो; त्यामुळे दूरच्या प्रवासाचा रकाना रोडावलेला राहतो. नागरी वैमानिकाला वर्षाकाठी १००० तासांपर्यंत उड्डाणाची मुभा आहे. लढाऊ वैमानिकाला तेवढे तास जमवायला कित्येक वर्षे लागतात. परंतु त्याचा एकेक तास किती एकाग्रतेचा आणि किती जोखमीचा असतो, हे आकडा सांगत नाही. हेलिकॉप्टर उडवणाऱ्याची व्यथा तर याहून मोठी, कारण हिमालयाच्या शिखरांवर रसद पोहोचवण्यात घालवलेले त्याचे तास विमानाच्या परवान्यासाठी पूर्ण धरले जात नाहीत.

या साऱ्याची झळ प्रामुख्याने कोणाला पोहोचते? हवाई दलाच्या उड्डाण शाखेत अल्पसेवा आयोगाचा अधिकारी १४ वर्षे सेवा करून बाहेर पडतो. त्याला निवृत्तिवेतन नाही. वय पस्तिशीच्या पुढे, मुले शाळेत, आईवडील वृद्धत्वाकडे झुकलेले. अशा वेळी हाताशी भांडवल एकच असते, ते म्हणजे नोंदवही. तिच्यातील तासांची संगती लावण्यात महिनोन्महिने गेले, तर त्या घराने दिवस कसे काढावेत?

दुसरीकडे देशाला वैमानिक हवे आहेत. २०२३ साली एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम अमलात आल्यानंतर डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि मनुष्यबळाच्या नियोजनातील उणीव जगासमोर आली. अशा टंचाईच्या काळात परदेशी वैमानिकांना तात्पुरती अनुमती देऊन पाचारण करण्याची सोय आपल्या नियमांत आहे. ती गैर नव्हे. परंतु परक्याच्या नोंदवहीसाठी वाट काढता येत असेल, तर स्वकीय सैनिकाच्या नोंदवहीसाठी ती अधिक सुकर का नसावी? नागरी वैमानिकांच्या आरोग्य तपासणीसाठी आपण बंगळुरूच्या हवाई दलाच्या वैद्यकीय संस्थेवर वर्षानुवर्षे विसंबत आलो आहोत. मग त्याच दलाने प्रमाणित केलेल्या तासांवर विश्वास ठेवताना हात आखडता घेण्याचे कारण काय?

अमेरिकेचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. २००९ साली बफेलोजवळ झालेल्या विमान अपघातानंतर तेथे सहवैमानिकासाठीही १५०० तासांची अट आली. मात्र सैनिकी वैमानिकासाठी ती ७५० तासांवर ठेवण्यात आली. तेथील विमान कंपन्या सैनिकी फेरीमागे ठरावीक मिनिटे जोडून हिशेब पुरा करण्याची पद्धतही पाळतात. त्याच वर्षी जानेवारीत हडसन नदीवर विमान उतरवून १५५ जणांचे प्राण वाचवणारे कप्तान सलेनबर्गर हे पूर्वाश्रमीचे लढाऊ वैमानिक होते, हे विसरून चालणार नाही.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला प्रवाशांच्या सुरक्षिततेचा. तो रास्त आहे. एकट्याने लढाऊ विमान उडवणे आणि दोघांनी मिळून, ठरलेल्या कार्यपद्धतीने, दीडदोनशे प्रवाशांना नेणे या भिन्न विद्या आहेत. म्हणून नागरी नियमांची परीक्षा, विमानाच्या प्रकाराचे प्रशिक्षण आणि सिम्युलेटरवरील कसोटी यांत तिळमात्र सवलत नको. दुसरा आक्षेप हवाई दलाच्या गरजेचा. २०२१ अखेर दलात ५९६ वैमानिकांची तूट असल्याचे महालेखापरीक्षकांनी नमूद केले आहे. दार सताड उघडले तर अनुभवी माणसे मुदतीपूर्वीच निघून जातील, ही भीती अनाठायी नाही. परंतु येथे मागणी आहे ती सेवेची मुदत पूर्ण करणाऱ्यांसाठी. निवृत्तीनंतरचे जीवन सन्मानाचे असेल, हे दिसले तरच नवे तरुण या सेवेकडे वळतील.

उपाय अवघड नाहीत. सैनिकी तासांचे नागरी तासांत रूपांतर कसे होईल, याचे स्पष्ट कोष्टक प्रत्येक वैमानिकाच्या हाती सेवेच्या प्रारंभीच असावे. नोंदी दोन्ही रीतींनी ठेवाव्यात. सेवामुक्तीपूर्वी वर्षभर आधी प्रमाणपत्र तयार व्हावे. संरक्षण मंत्रालय आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालय यांनी अर्जाच्या निर्णयाला कालमर्यादा घालून घ्यावी.

प्रतापगडच्या युद्धानंतर शिवछत्रपतींनी जखमी सैनिकांना जखम पाहून होन दिल्याचे सभासदाची बखर सांगते. त्यात कृपेचा भाव नव्हता. सेवेचे मोजमाप होते आणि त्या मोजमापाला राजाचा शब्द होता. सैनिकासाठी टाळ्या वाजवणे सोपे असते. त्याच्या प्रत्येक तासाचा हिशेब चोख ठेवणे हे कष्टाचे काम आहे, आणि कृतज्ञ राष्ट्राची खरी ओळख त्यातूनच पटते.