शेंगांचा बैल आणि मायावी नवरी

कार्तिकातला शेवटचा सोमवार आला, की बंगळूरच्या बसवनगुडीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भुईमुगाच्या शेंगांचे ढीग लागतात. ओल्या, भाजलेल्या, उकडलेल्या. पिशवी भरून घ्यावी आणि टरफले सोलत देवळाकडे चालावे. या जत्रेला 'कडलेकाई परिषे' म्हणतात. देवळात एकाच पाषाणातून घडवलेला, सुमारे पंधरा फूट उंचीचा नंदी आहे. नंदी म्हणजे बसव आणि देऊळ म्हणजे गुडी. वस्तीला नाव मिळाले ते त्यावरून.

लग्न होऊन इथे आलेली एक मराठी आजी दरवर्षी नातवाला जत्रेची गोष्ट सांगते. शेतातल्या शेंगा रात्री कोणीतरी फस्त करी. शेतकऱ्यांनी पाळत ठेवली, तर बैल दिसला. सोटा घेऊन धावले, तो बैलाचा दगड झाला. आणि दगड होऊनही वाढतच राहिला! अखेर त्याच्या माथ्यावर त्रिशूळ बसवला, तेव्हा कुठे तो थांबला.

नातू आता आठवीत गेला आहे. एकदा त्याने विचारलेच, "आजी, भुईमूग तर दक्षिण अमेरिकेतला. मग त्या बैलाने इथे शेंगा खाल्ल्या कशा?"

प्रश्न रास्त होता. कोलंबस १४९२ साली अमेरिकेला पोहोचला. त्याआधी आपल्याकडे भुईमूग नव्हताच. हे देऊळ सोळाव्या शतकात केंपेगौडांनी बांधले असे सांगतात. तेव्हा एकतर गोष्ट मागाहून रचली गेली, किंवा मुळात बैल दुसरेच पीक खात असेल आणि सांगणाऱ्यांनी ते बदलले असेल. कन्नडमध्ये नुसते 'कडले' म्हणजे हरभरा, हेही गमतीचे.

गोष्ट एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना बदलते, आणि त्यात वावगे काही नाही. वत्सलाहरणाचेच पाहा. दुर्योधनाच्या मुलाशी लग्न लावायला वत्सलेच्या रूपात घटोत्कच उभा राहतो, ही कथा घराघरांत ठाऊक आहे. पण व्यासांच्या महाभारतात ती नाही. लोकांनी ती रचली, नाटकवाल्यांनी सजवली आणि १९५७ साली के. व्ही. रेड्डींनी तेलुगू व तमिळमध्ये तिचा 'मायाबाजार' केला. एस. व्ही. रंगाराव यांचा घटोत्कच लोक अजून विसरलेले नाहीत. त्या बदलांनी कोणाचे नुकसान झाले नाही. इतिहासाला मात्र आधार लागतो. १६३८ साली विजापूरकरांच्या फौजेने बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, हे सांगताना पडद्यावर पाहिलेला प्रसंग पुरावा म्हणून चालत नाही.

हे सगळे आजीच्या उपयोगी पडले ते वेगळ्याच ठिकाणी.

तुळशीचे लग्न लागले आणि लग्नसराई सुरू झाली. आजीच्या फोनवर ओळखीच्या नंबरावरून एक पत्रिका आली. बोट लावणार, इतक्यात नातू म्हणाला, "थांब आजी, शेवटची अक्षरे बघ. एपीके आहे." पत्रिका म्हणजे साधे चित्र किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे फोनमध्ये बसणारा प्रोग्राम. तो एकदा आत शिरला, की बँकेचे ओटीपी परस्पर वाचू शकतो आणि तीच पत्रिका आपल्या नावाने आपल्याच नातलगांना धाडू शकतो. २०२४ च्या लग्नसराईत पोलिसांनी अशा पत्रिकांबद्दल लोकांना सावध केले होते. आजीचे पेन्शन त्याच फोनला जोडलेले होते.

युक्ती जुनीच आहे. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' नावाचे ई-पत्र जगभर पसरले. प्रेमपत्र समजून लोकांनी ते उघडले, आणि त्याने त्यांच्या पत्त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना आपल्या प्रती पाठवल्या. अशी सोंगे घेऊन येणाऱ्या प्रोग्रामला 'ट्रोजन' म्हणतात. ट्रॉयच्या लोकांनी लाकडी घोडा आपल्या हातांनी वेशीच्या आत ओढून नेला, त्या ग्रीक कथेवरून हे नाव आले.

"म्हणजे वत्सलेच्या साडीतला घटोत्कचच की रे हा!" आजी म्हणाली. तिने पत्रिका न उघडता त्या मैत्रिणीला फोन लावला. मैत्रीण बिचारी गोंधळली. तिच्या घरात लग्नच नव्हते. तिने आदल्या दिवशी तशीच एक पत्रिका उघडली होती. नातवाने तिला बँकेला लगेच कळवायला आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवायला सांगितले.

मग दोघे जत्रेला निघाले. वाटेत नातवाने शेंगा घेतल्या आणि म्हणाला, "आजी, ती बैलाची गोष्ट सांग ना पुन्हा."

"अरे, पण ती खरी नाही म्हणालास ना?"

"ठाऊक आहे. तरी सांग."