ढोलकीशेजारचा ऑर्गन

भाऊबीज आटोपली की गोंदिया जिल्ह्यात गावोगावी मंडई भरू लागते. दिवसा कुठे दंडार, कुठे खडी गंमत आणि रात्री मंडपात पहाटेपर्यंत रंगणारे नाटक, असा हा झाडीपट्टीचा हंगाम धानाच्या कापणीबरोबर सुरू होतो. नाटकाच्या वादकांमध्ये आता तबला-ढोलकीच्या शेजारी ऑर्गन आणि ऑक्टोपॅडही दिसतात. शहरातून आलेल्या पाहुण्याला ते खटकते. ‘लोककला बाटली हो!’ म्हणून तो हळहळतो.

मला ही हळहळ पटत नाही. आज आपण अस्सल मानतो ती पेटी तरी कुठे या मातीतली? एकोणिसाव्या शतकात ती युरोपातून आली आणि आता तिच्यावाचून नाट्यपद किंवा कीर्तन आपल्याला सुचतही नाही. झाडीपट्टीच्या नाटकाचे मूळ दंडारीत आहे, असे मानले जाते. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीबरोबर या दंडारीचाही अभ्यास केला. दंडारीत पुरुषच लुगडे नेसून स्त्रीची भूमिका करीत. पुढे नाटकात स्त्रिया आल्या, नाट्यपदे आली, लावणी आली, सिनेमाच्या चालीही आल्या. रुचले ते गावाने ठेवले, बाकीचे सोडून दिले. परंपरा जगते ती अशीच.

खरा प्रश्न वाद्य कोणते, हा नाहीच. ते वाजवणारा माणूस समोर आहे की नाही, हा आहे. ऑर्गनवाला गायकाचा आवाज पाहून पट्टी बदलतो. ‘वन्स मोअर’ आला की तबलजी पुन्हा ठेका धरतो. आधीच ध्वनिमुद्रित केलेले गाणे कुणासाठी थांबत नाही. मंडईत आणि वरातीत डीजेच्या भिंती उभ्या राहतात तेव्हा ढोलकीबरोबर तो ऑर्गनवालाही घरी बसतो. जुने आणि नवे दोघेही एकदमच बेकार!

मी बँकेत अधिकारी होतो. कर्जाच्या अर्जावर ‘मासिक उत्पन्न’ असा एक रकाना असे. दिवाळीपासून होळीपर्यंत वाजवणाऱ्या आणि पावसाळ्यात रोवणीला जाणाऱ्या वादकाने त्या रकान्यात काय लिहावे?

२०२३ साली झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा साऱ्या झाडीपट्टीला आनंद झाला. पण पुरस्कार एकाला मिळतो. हंगाम शेकडो हातांनी उभा राहतो. म्हणून गावच्या मंडळांना माझे एवढेच सांगणे आहे. मंडईची वर्गणी काढाल तेव्हा डीजेच्या भाड्याआधी वादकांची बिदागी बाजूला ठेवा. शाळेच्या स्नेहसंमेलनात एक तरी गाणे गावच्या ढोलकीवर होऊ द्या. त्या ढोलकीला एखाद्या पोराने कीबोर्डची साथ दिली, तर त्याला अडवू नका. उद्याचा झाडीपट्टीचा वादक कदाचित तोच असेल.