‘तसा हेतू नव्हता’ म्हणे!

जून २०२३ मध्ये पर्यावरण दिनानिमित्त झोमॅटोने एक जाहिरात केली. ‘लगान’ चित्रपटातील ‘कचरा’ या अस्पृश्य पात्राला तिने चक्क दिवा, टॉवेल, कागद बनवले. आक्षेप येताच जाहिरात मागे घेतली. खुलासा एकच, तसा हेतू नव्हता! २००७ साली गाण्यातील जातिवाचक ओळीवरून ‘आजा नचले’ चित्रपटावर उत्तर प्रदेशात बंदी आली, तेव्हाही निर्मात्यांनी माफी मागून ओळ काढली.

१९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात अपमान हेतुपुरस्सर असावा लागतो. म्हणूनच ‘हेतू नव्हता’ ही सोयीची पळवाट ठरते. परंतु २००८च्या स्वर्णसिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे की, जातिवाचक शब्दाचा व्युत्पत्तीतला नव्हे, आज लोकांत रूढ असलेला अर्थ पाहावा.

१९८७-८८ मध्ये ‘रिडल्स’वरूनही भावना दुखावल्याची ओरड झाली होती. बाबासाहेबांनी धर्मग्रंथांना पुराव्यानिशी प्रश्न विचारले. कोणा माणसाला कचरा ठरवले नाही. चिकित्सा आणि अपमान एकाच तराजूत तोलता येणार नाहीत. चिकित्सेचे स्वातंत्र्य आम्हालाही हवे, म्हणून ऊठसूट बंदीची मागणी आम्ही करणार नाही. आमचा सवाल साधा आहे: जाहिरात मंजूर होते त्या टेबलाभोवती आमची माणसे किती असतात?