जिंकणारी टीम मालक का सोडतो?

बीबीत आमच्या घरी मुंबई सिटीची आकाशी जर्सी आहे, माझ्या भाच्याची. डिसेंबर 2025 मध्ये मोबाइलवर बातमी वाचून त्यानं विचारलं, "मामू, टीम तर जिंकत होती. मग मालकानं का सोडली?"

मँचेस्टर सिटीची मालक कंपनी सिटी फुटबॉल ग्रुप हिनं 2019 मध्ये मुंबई सिटीचा 65 टक्के हिस्सा घेतला. 2020-21 मध्ये टीमनं लीग शील्ड आणि चषक दोन्ही जिंकले, 2022-23 मध्ये पुन्हा शील्ड, 2024 मध्ये कोलकात्यात मोहन बागानला हरवून पुन्हा चषक. तरीही ग्रुप बाहेर पडला. व्यवसायाचा आढावा आणि लीगच्या भवितव्याची अनिश्चितता, ही कारणं दिली. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला 15 वर्षांचा करार त्याच महिन्यात संपला होता.

हे काही पहिल्यांदा घडलं नाही. मुंबईचीच महिंद्रा युनायटेड 2005-06 ची राष्ट्रीय विजेती. 2010 मध्ये कंपनीनं ती बंद केली. पुणे सिटी 2017-18 च्या हंगामात उपांत्य फेरीत पोहोचली आणि 2019 मध्ये संपली. तिची जागा हैदराबादला गेली. हैदराबाद 2022 मध्ये चषक जिंकली, पुढे तिथं खेळाडूंचे पगार थकले.

मालकाला गुन्हेगार ठरवायचं नाही. आपल्याकडे फुटबॉल तोट्यात चालतो, तो तोटा मालकच भरतो. पण तो कशासाठी भरतो, हे समजून घ्यायला हवं. कंपनीचं नाव व्हावं, नवी बाजारपेठ मिळावी, उद्या हिस्सा महाग विकता यावा, यासाठी. चषक हा त्या हिशेबातला एक आकडा. हिशेब जुळेना झाला की चषकही मालकाला थांबवत नाही. टीम हरते तेव्हा आपण मालकाला शिव्या देतो, जिंकते तेव्हा त्याच्यासोबत फोटो काढतो. खरे प्रश्न मात्र जिंकतानाच विचारायला हवेत, कारण तेव्हा मालकाला आपली गरज असते.

जर्मनीत बहुतेक क्लबांत निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडेच राहतात, पैसेवाला कितीही मोठा असो. आपल्या मोहम्मडन स्पोर्टिंगचंच बघा. 1891 चा क्लब, 1934 ते 1938 सलग पाच वर्षं कलकत्ता लीगचा विजेता. पैशांची ओढाताण तिथंही आहे, पण गुंतवणूकदार बदलले तरी क्लब उरतो, कारण तो लोकांचा आहे.

आपल्याकडे निदान एवढं व्हावं: मालक होताना एका हंगामाचे पगार अनामत ठेवावेत, आणि सोडताना सभासदांना हिस्सा घेण्याची पहिली संधी मिळावी. लोकांचं प्रेम ही अमानत आहे. ती सांभाळता येत नसेल तर नीट परत तरी करावी.

भाच्याला म्हटलं, "तू जीव लावलास बेटा, त्यांनी हिशेब लावला."

तो म्हणाला, "मग आता मालक कोण?"

हा प्रश्न आपण 2021 च्या चषकाच्या दिवशीच विचारायला हवा होता.