खुर्च्यांचा हव्यास

सिंफनीसाठी सभागृह बांधावयाचे म्हटले की पहिला प्रश्न निघतो तो आसनसंख्येचा. आमच्या मते तो शेवटी निघावयास हवा.

व्हिएन्नातील म्युझिकफेराइनचे सुवर्णसभागृह १८७० साली उघडले. सुमारे ४९ मीटर लांब, अवघे १९ मीटर रुंद आणि जवळजवळ तितकेच उंच, असा तो पेटीसारखा घाट आहे. रुंदी बेताची असल्याने बाजूच्या भिंतींवरून परतलेला नाद मूळ नादाच्या पाठोपाठ कानी येतो. उंचीमुळे तो सुमारे दोन सेकंद रेंगाळतो. आणि मूर्ती, कोनाडे व छतावरील नक्षी, ज्यांस आधुनिक वास्तुकार निरर्थक शोभा मानीत आले, त्यास विखरून मऊ करतात. पुढे हार्वर्डच्या वॉलेस सॅबिन यांनी व्याख्यानगृहात उसन्या गाद्या मांडून व उचलून नादाचा ऱ्हास मोजला. त्या गणितावर १९०० साली बोस्टनचे सिंफनी हॉल उभे राहिले. गादीप्रमाणे श्रोताही नाद शोषून घेतो, हे त्या गणितातील मर्म होय.

न्यूयॉर्कने ते मानले नाही. १९६२ सालच्या फिलहार्मोनिक हॉलच्या मूळ आराखड्यात खुर्च्या वाढविण्यात आल्या, आणि त्यासाठी आग्रह धरणारे एक वृत्तपत्रच होते! (आम्हां संपादकांस हे स्मरणात ठेवणे बरे.) सभागृह बेसूर ठरले. १९७६ साली ते आतून पाडून नव्याने बांधावे लागले. २०२२ साली पुन्हा बांधताना ५०० हून अधिक खुर्च्या काढून टाकल्या.

१९७६ च्या पुनर्रचनेचे वास्तुकार फिलिप जॉन्सन व ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस या जोडीनेच मुंबईचे टाटा थिएटर रचले. १९८० सालचे हे सुमारे हजार आसनांचे गृह मुख्यतः हिंदुस्थानी संगीतासाठी योजलेले. २००६ पासून मुंबईस स्वतःचा सिंफनी वाद्यवृंद आहे; तो वाजतो शेजारच्या जमशेद भाभा थिएटरात, जेथे ऑपेरा, बॅले आणि नाटकही होते. केवळ सिंफनीसाठी असे घर त्यास नाही. ‘बहुउद्देशीय’ या शब्दाची आम्हांस धास्ती वाटते ती यासाठीच. भाषण स्पष्ट ऐकू यावयाचे तर नाद सुमारे सेकंदभरात विरला पाहिजे. सिंफनीस त्याच्या दुप्पट अवधी लागतो. एकाच भिंतींनी दोन्ही कामे करावीत ही अपेक्षा काटकसरीची खरी, परंतु कानास महाग पडणारी.

आसने कमी म्हणजे तिकिटे महाग, आणि विद्यार्थी बाहेर, हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. मात्र त्यास उपाय खुर्च्या वाढविणे हा नव्हे. दीड हजारांची मर्यादा आधी ठरवावी, मग नकाशा काढावा. आणि गर्दी लोटलीच तर तोच कार्यक्रम दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा, अर्ध्या दरात करावा.