मागच्या चाकाची मोकळीक

कर्नाटकी बेंदूर, म्हणजे कन्नड घरांतली कार हुण्णिमे, जवळ आली की निपाणी-चिकोडीकडच्या शेतकरी घरांत बैलांबरोबर बैलगाडीचीही उस्तवार व्हायची. चाक काढायचे, आसाला वंगण घालायचे, चाक चढवून हलवून बघायचे. लाकडी चाक आसावर थोडे डुलायचेच. डुलले नाही तर बैल दमतात, हे पोराटोरांनाही ठाऊक असे. पुढे त्याच घरांत जीप आली आणि ही गोष्ट मागे पडली. जुनी जीप हौसेने सांभाळणारे आज गॅरेजमध्ये जाऊन सांगतात, "मागचं चाक हलतंय, घट्ट करून टाका."

मंडळी, घट्ट करून टाकायचे नाही. मोजून सैल ठेवायचे. कन्नडात 'बिगी' आणि 'सडिल', मराठीत 'घट्ट' आणि 'सैल'; गॅरेजमध्ये दोन्ही भाषांत एकच शब्द, 'प्ले'.

महिंद्रांनी 1947 मध्ये विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढे आलेली उंच बॉनेटची सीजे-3बी तंबाखूच्या शिवारापासून आंबोली-चोर्ल्याच्या घाटापर्यंत सगळीकडे फिरली. तिच्या मागच्या एक्सलला दोन्ही टोकांना निमुळत्या रोलरचे बेअरिंग असते, आणि त्याचा प्ले जुळवता येतो. अँबेसिडर किंवा पद्मिनीच्या मागे बॉल बेअरिंग असते. तिथे प्ले आला की बेअरिंगच बदलायचे.

गाडी पळाली की शाफ्ट आणि बेअरिंग तापून पसरतात. त्यांना जागाच ठेवली नाही तर रोलर दाबले जातात, ग्रीस जळते, बेअरिंग निळे पडते. उलट प्ले फार झाला तर प्रत्येक वळणाला शाफ्ट आतबाहेर आपटतो, ऑइल सील खातो आणि डिफरन्शियलचे तेल ब्रेकच्या लायनिंगवर येते. मग घरची माणसे मागे बसलेली असताना तवंदी घाटाच्या उतारावर ब्रेक दाबला, की गाडी एका अंगाला ओढते. चाकाचा आवाज येतो म्हणून आपण गॅरेजला जातो, पण खरा धोका हा तेलाचा आहे.

हवा तो प्ले आहे चार ते आठ थाऊ, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या चार ते आठ पट. मिलिमीटरमध्ये 0.10 ते 0.20. वहीचे एक-दोन कागद ठेवा, साधारण तेवढी जाडी. हे हाताच्या अंदाजाने कळत नाही, डायल गेज लावावाच लागतो. बेळगावच्या उद्यमबागेत तो नसलेले वर्कशॉपच शोधावे लागेल, तेव्हा सबब चालणार नाही.

कामाआधी एक इशारा. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, गिअरबॉक्समागच्या शाफ्टवर असतो. मागचे एक चाक जॅकवर उचलले की ते मोकळे फिरते आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकू शकते. म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड आणि एक्सलखाली भक्कम ठोकळे हवेतच.

ड्रमच्या मधोमध स्प्लिट पिन घातलेला मोठा नट दिसला, तर तुमचा शाफ्ट निमुळत्या टोकाचा. नट सैल करून थोड्या आट्यांवर तसाच ठेवा, कारण ड्रम सुटताना उडी मारतो. ड्रम स्क्रूच्या पुलरनेच काढा. शाफ्टच्या टोकावर घण घातला तर तो मार थेट आतल्या बेअरिंगला आणि दोन शाफ्टांच्या मधल्या ठोकळ्याला बसतो. हा ठोकळा महत्त्वाचा. दोन्ही शाफ्टांची आतली टोके त्याला टेकतात, त्यामुळे एका बाजूला मोजलेला प्ले हा दोन्ही बाजूंचा मिळून असतो.

बॅकप्लेट आणि एक्सलच्या फ्लँजमध्ये पातळ शिम असतात. शिम काढली की प्ले कमी, घातली की जास्त. दोन्ही बाजूंची जाडी होता होईल तो सारखी ठेवावी, म्हणजे ठोकळा मधोमध राहतो. पुस्तिकेत एकाच बाजूने जुळवायला सांगितले असेल तर तिचे ऐकावे. प्रत्येक बदलानंतर बॅकप्लेटचे बोल्ट पूर्ण आवळा, शाफ्टच्या टोकावर शिशाच्या किंवा कातडी हातोडीने हलके ठोकून बेअरिंग बसवा आणि मगच गेज वाचा. अर्धवट आवळून घेतलेले माप फसवते. शेवटी किल्ली खाचेत बसवून ड्रम चढवा, नट किमान 150 फूट-पाउंडांनी आवळा. पिनचे भोक जुळले नाही तर नट आणखी पुढे न्यायचा, मागे कधीच नाही. ब्रेकची नळी सोडली असेल तर हवा काढायला विसरू नका.

युद्धकाळातल्या लष्करी जीपचा प्रकार वेगळा. तिथे एकामागे एक दोन नट असतात. चाक फिरवत आतला नट चाक अडेपर्यंत आवळायचा, मग सुमारे एक षष्ठांश फेरा सैल करून वॉशर आणि बाहेरच्या नटाने पक्का करायचा.

काम झाल्यावर घाट नसलेल्या रस्त्याने, निपाणीहून कागलपर्यंत म्हणा, ब्रेक जपून वापरत जाऊन या. उतरल्यावर दोन्ही ड्रमजवळ जपून हात न्या. एक बाजू दुसरीपेक्षा बरीच तापली असेल, तर गेज पुन्हा लावा.