यष्टी कोणाक आणूक येतली?

दिवाळीच्या दिवसांत दादरला गाडी उभी करायला जागा शोधण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात आकाशकंदील, पणत्या आणि उटण्याची पुडी घेऊन माणूस चालत घरी पोचेल. हे सर्वांना ठाऊक आहे, तरी सर्वजण गाडीच काढतात. कारण विचारा, उत्तर ठरलेले: "बसचा काय भरवसा? आणि चालायचे म्हटले तर फुटपाथ आहे कुठे?" उत्तर खोटे नाही. पण बसचा भरवसा का राहत नाही, हे मला आमच्या काकीने जसे समजावले तसे कोणत्याही तज्ज्ञाने समजावले नाही.

आमचे गाव मालवण तालुक्यातले आचरा. रामेश्वराचे आणि गावपळणीचे. देवाचा कौल झाला की तीन दिवस, तीन रात्री सारा गाव गुरेढोरे, कोंबड्या घेऊन वेशीबाहेर राहायला जातो, हे आपण वाचले असेलच. एरवी मात्र गाव हल्ली दुचाकीवर असतो. हाकेच्या अंतरावरून मीठ आणायलासुद्धा स्कूटर निघते! काकी तेवढी गडग्यांमधल्या पाणंदीने चालत तिठ्यावर येते आणि मालवणची एस.टी. धरते. मुलगा रोज म्हणतो, गाडीवरून सोडतो. मीही एकदा त्याची बाजू घेतली, तर काकी म्हणाली, "झिला, तुमी सगळी फटफटीवरसून गेलास तर यष्टी कोणाक आणूक येतली?"

हिशेब अगदी सरळ आहे. ज्यांच्या दारात गाडी आहे ते बस सोडतात. बस रिकामी धावते. रिकामी बस परवडत नाही म्हणून फेऱ्या कमी होतात. मग उरलेलेही कर्ज काढून दुचाकी घेतात. शेवटी थांब्यावर राहतात कोण? म्हातारी माणसे, शाळेची पोरे आणि ज्यांना कर्जही मिळत नाही ते. २०२१च्या दिवाळीच्या तोंडावर सुरू झालेला एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप २०२२च्या एप्रिलपर्यंत लांबला. त्या संपाचे बरेवाईट इथे नको. पण खेड्यापाड्यांत बस म्हणजे काय, हे त्या सहा महिन्यांत सर्वांना कळले.

भाडे कमी केले की माणसे येतात, यात शंका नाही. बेस्टने जुलै २०१९मध्ये किमान भाडे ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आणले, तेव्हा प्रवासी वाढले होते. (मे २०२५पासून तेच १० रुपये झाले आहे.) एस.टी.त २०२२पासून पंचाहत्तरी उलटलेल्यांना प्रवास फुकट आहे आणि मार्च २०२३पासून स्त्रियांना अर्धे तिकीट. काकीला तर तिकीटच पडत नाही. पण फुकट तिकीट घरापासून तिठ्यापर्यंत नेत नाही. तिथवर पायच न्यावे लागतात. आचऱ्यात पाणंद आहे म्हणून काकी जाते. तिला आमच्या मुंबईच्या गल्लीत आणून सोडली, तर उखडलेल्या लाद्या, आडव्या उभ्या केलेल्या मोटारी आणि उघडी गटारे ओलांडून ती बसथांबा गाठील, असे मला वाटत नाही. आणि मग आपण म्हणू की म्हातारी माणसे घराबाहेरच पडत नाहीत!

सायकलचेही तेच. पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरवत असे. आता तिथे सायकलमार्ग आखलेले आहेत. पण त्यांवर बरेचदा मोटारी विसावलेल्या दिसतात. मात्र त्याच पुण्यात २०२१पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा होतो. त्या दिवशी वाहने बंद, पोरेबाळे रस्त्याच्या मधोमध. तेव्हा तो रस्ता मुळात केवढा रुंद आहे, हे पुणेकरांनाही नव्याने दिसते. वर्षातून एकच दिवस का, असे आपण नगरसेवकाला विचारायला हरकत नाही. वाहनतळ मागायला आपण जातोच की. त्याच अर्जात फुटपाथही मागावा.

आमच्या घरी यंदा ठरले आहे की फराळाचे डबे पोचवायचे ते बसने आणि पायी. पहिला डबा गिरगावला, दुसरा परळला. चिरंजीव कुरकुरले, पण सूनबाईंनी बसचे क्रमांक कागदावर लिहून कपाटाला चिकटवले आहेत. चकल्या तेवढ्या वरच्या डब्यात ठेवायच्या, म्हणजे गर्दीत मोडणार नाहीत.